कोपराची पुढची बाजू

उजव्या हाताला इजा झाल्यावर पहिले पाच आठवडे मला जो वैताग आला, त्यातला निम्मा दुखण्याचा नव्हता. कुठं दुखतंय ते कुणाला धड सांगता येत नव्हतं, त्याचा होता. मी म्हणायचो, कोपर दुखतंय. समोरचा माणूस लगेच माझा हात उलटा करून मागचं हाड चाचपायचा. मी म्हणायचो, तिथं नाही, पुढं. मग तो दंड दाबायचा. नाही, त्याच्या खाली. मग तो मनगटाकडं सरकायचा. नाही हो, एवढं खाली नाही. हात दुमडला की जिथं घडी पडते, रक्त काढायला सुई टोचतात, रक्तदाब बघताना डॉक्टर ती थंडगार चकती टेकवतात, त्या खळग्यात. एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असायचं.

माझी आई गुडघ्यामागच्या खळग्याला लवण म्हणायची. कोपराच्या पुढच्या खळग्यालाही ती तेच म्हणायची का, हे आठवत नाही आणि विचारायला आता ती नाही. बोईसरमध्ये मी हा शब्द दोघा-तिघांपुढं वापरून पाहिला. एकाला वाटलं मी मिठाबद्दल बोलतोय.

मी इथल्या एका शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. स्नायूंचा धडा दरवर्षी शिकवतो. दंडाच्या पुढचा द्विशिर स्नायू आखडतो, मागचा त्रिशिर सैल पडतो आणि कोपर दुमडतं. हे चित्र मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की तोंडानं हजेरी घेता घेता हातानं ते पुरं होतं. त्या चित्रात स्नायूच्या खालच्या टोकापासून हाडापर्यंत एक पांढरी रेघ असते. तो स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती दोरी कोपराच्या पुढच्या खळग्यातून जाते, हे मी कधी मुलांना सांगितलं नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

झालं असं की शाळेची तपासणी होती. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट होतं. ते खाली तळमजल्यावरच्या खोलीत न्या, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेला एक परिचर आहेत. मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, अंगानं काटक. पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. थोडी पावसावरची जमीन आहे, तिच्यात भात आणि नाचणी होते, आणि लावणीच्या दिवसांत मामा रजेवर असतात. एरवी त्यांनी एकही दिवस चुकवलेला मला आठवत नाही.

कपाट बघून मामा म्हणाले, "सर, आदी रिकामा करू. सामान भरलेला हाय."

"एकच जिना आहे, मामा. रिकामं करायचं, परत भरायचं, त्यात दोन तास जातील. दोघांत होईल."

"जड हाय सर."

"होईल हो."

मला पुढच्या तासाला दहावीवर जायचं होतं. कपाटात परीक्षानळ्या, चंचुपात्रं, आम्लांच्या रिकाम्या बाटल्या, तीस वर्षांचे जुने तक्ते आणि एक प्लास्टिकचा सांगाडा होता. काचसामान तेवढं आम्ही काढून घेतलं आणि बाकी तसंच ठेवून कपाट उचललं. मामा वर, मी खाली. खालचा माणूस जिना उलटा उतरतो, तसा मी उतरत होतो. सात-आठ पायऱ्या झाल्या असतील. एकदम सगळा भार माझ्या उजव्या हातावर आला आणि कोपराच्या पुढं काहीतरी फाटकन तुटलं. जाड मांजरपाट फाडावं तसा आवाज. मी भिंतीला चिकटलो. कपाट जिन्यात तिरकं होऊन अडकलं होतं आणि वरून मामांचा धापा टाकल्याचा आवाज येत होता.

"मामा, हात का सोडलात?" मी ओरडलो. वर्गातून दोन शिक्षक धावत आले, त्यांनी कपाट खाली घेतलं. मी कोपर धरून पायरीवर बसलो.

त्या दिवसापासून ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला मी सांगितलं की मामांचा हात सुटला आणि माझ्यावर भार आला. मुख्याध्यापिकांना सांगितलं, त्यांनी तशी नोंदही केली; शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, घरी सांगितलं. मामांविषयी माझ्या मनात राग नव्हता; मी ते समजूतदारपणे सांगायचो. वय झालंय त्यांचं, होतं असं. आज तो समजूतदारपणाच जास्त बोचतो.

संध्याकाळी बायकोबरोबर बोईसरमधल्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. चाळिशीचे, बोलायला सभ्य, बाहेर तीसेक माणसं बसलेली. त्यात निम्मे कारखान्यांतले कामगार, कुणाचं बोट, कुणाची कंबर. आत गेल्यावर मी म्हणालो, कोपर दुखतंय. मागचं हाड दाबून झालं. मी पुढची बाजू दाखवली. एक्स-रे काढून आणला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला.

"हाड उत्तम आहे."

"डॉक्टर, काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. मी ऐकला."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं खळग्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे छातीकडच्या बाजूला, चाचपलं. "ही बघा, दोरी लागतेय बोटाला. ताणलेली आहे. स्नायुरज्जू शाबूत आहे तुमचा. लचक आहे ही. पट्टा बांधा, तीन आठवडे जड उचलू नका."

मीही डाव्या हाताचं बोट तिथं लावून बघितलं. खरंच काहीतरी ताणलेलं लागत होतं. विज्ञानाचा शिक्षक असल्यानं माझं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी खळग्यापासून मनगटाच्या दिशेनं हात काळानिळा पडला, आठवड्यानं हिरवट, मग पिवळा. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साकळलंय, उतरेल. ते उतरलंही. दुखणं कमी झालं. हात दुमडता येत होता. फळ्यावर लिहिता येत होतं. मग मला नेमकं काय होत होतं, हे सांगणं आणखी अवघड झालं.

पहिल्यांदा ते नळावर उघड झालं. आमच्या घरात सकाळी उठणारा मी पहिला. मी नळ सोडायचो, तोंड धुवायचो, नळ बंद करायचो, आणि मागून उठलेली बायको बघायची तर नळ ठिबकतोय. दोन दिवस तिनं दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, नळ नीट बंद करत जा की. आपल्याकडं पाणी किती वेळ येतं, माहीत आहे ना?"

"मी घट्ट बंद केला होता."

"मग हा कोण सोडतं?"

मी तिच्यासमोर नळ सोडला. सहज सुटला. मग बंद करायला लागलो. शेवटचा अर्धा फेरा हात फिरेचना. दुखत नव्हतं, नुसता जोर नव्हता. डाव्या हातानं बंद केला. डब्याचं झाकणही तसंच. उघडायला काही अडचण नाही, लावताना मात्र सैल राहायचं. लोणच्याच्या बरणीला बुरशी आली, त्याचा दोष माझ्याकडं आला. चौकटीत स्क्रू बसवायला घेतला तर पिळला जाईना. काढायला घेतला तर निघाला. मी डॉक्टरांना जाऊन हे सांगितलं, की मला सगळं उघडता येतं पण बंद करता येत नाही. ते हसले. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

तपासणीच्या ठिकाणी रक्त घेणाऱ्या बाईंनी रबरी पट्टा काढून सरळ माझ्या उजव्या दंडाला बांधला.

"हा हात दुखतोय. दुसऱ्या हातातून घ्या."

"या हाताची शीर छान वर आलीय, सर. त्या हाताची आत आहे. उगीच दोनदा टोचावं लागेल."

आणि दुखऱ्या खळग्यातच त्यांनी सुई घातली. त्यांचं काम चोख होतं, एका फटक्यात रक्त आलं. सगळ्या तपासण्या व्यवस्थित निघाल्या. याचाही मला रागच आला.

मग शीर या शब्दानं माझा छळ मांडला. बायको कुंभवलीच्या एका कारखान्याच्या कार्यालयात काम करते. तिथल्या कुणीतरी सांगितलं की चिंचणीला एक वयस्कर गृहस्थ मालीश करतात, शीर बसवून देतात. मी नको म्हणत होतो. पण तीन आठवडे झाले होते आणि नको म्हणायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. रविवारी रिक्षानं चिंचणीला गेलो. म्हाताऱ्यांनी तेल लावून हात फिरवला आणि डोळे मिटून म्हणाले, "शीर शिरेवर चढली हाय."

"कुठली शीर?" मी विचारलं.

"शीर म्हंजे शीर."

"रक्ताची की स्नायूची? की चेतातंतू?"

बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं. म्हाताऱ्यांनी मात्र माझ्याकडं असं पाहिलं, जणू विचारत होते, या माणसाला दुखतंय की याला परीक्षा घ्यायचीय? त्यांनी अर्धा तास मालीश केलं. बरं वाटलं, घरी येईपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी नळ ठिबकतच होता. पण खरं सांगायचं तर त्यांचा दोष नव्हता. ज्यातून रक्त वाहतं तीही शीर, ज्यातून मुंग्या येतात तीही शीर आणि जी ओढली की हात हलतो तीही शीरच. एवढ्याशा खळग्यात या तिन्ही एकमेकींना खेटून असतात आणि आपण सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतो.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत मी बाह्या सारून टेबल पुसत होतो. मामा दारात उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, "सर, जरा हात दुमडा बघू."

"का?"

"दुमडा तर. दोनी."

मी दुमडले. त्यांनी लांबूनच बोट दाखवलं. "तुमची बेटकुळी वर गेली हाय. या हाताची त्या हातासारकी नाय."

मी म्हणालो, "मामा, डॉक्टरांनी बघितलंय. एक्स-रे काढलाय. स्नायुरज्जू शाबूत आहे."

"नाय, मी आपला बोललो. दिसला म्हनून."

"सूज आहे ती."

ते गेले. मीही विसरलो. बेटकुळी हा शब्द मला पोरखेळातला वाटला होता. शाळेत पोरं एकमेकांना दाखवतात ती बेटकुळी. आजारपणात तिचं काय काम? पण ते शंभर टक्के बरोबर होते, आणि एवढ्या सगळ्या लोकांत माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघणारे ते पहिलेच होते.

पाचव्या आठवड्यात बायकोनं मला न विचारता पालघरच्या एका फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. हात आखडलाय, व्यायामानं सुटेल, असं तिचं म्हणणं. मी वैतागूनच गेलो. तिथं माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची एक मुलगी होती. मी सवयीनं सुरुवात केली, "कोपर दुखतंय, म्हणजे मागं नाही, पुढं..."

"खळग्यात?" ती म्हणाली.

मी खुर्चीत नीट बसलो.

तिनं आधी डावा, म्हणजे चांगला हात घेतला. कोपर काटकोनात दुमडायला सांगितलं, तळवा माझ्या तोंडाकडं, आरसा धरावा तसा. मग तिनं तर्जनीचा आकडा केला आणि खळग्याच्या बाहेरच्या अंगानं आत घातला. बोट एका जाड दोरीखाली अडकलं. तिनं हलकेच ओढलं तर दोरी बोटाबरोबर पुढं आली.

"लागतेय ना? आता तुम्ही घालून बघा."

मी उजव्या हाताचं बोट घातलं. खरंच, पिशवीचा बंद धरावा तशी ती दोरी बोटात आली. बावीस वर्षं जिची रेघ काढली तिला मी पहिल्यांदा हात लावत होतो.

"आता हा हात." तिनं उजव्या कोपराला तोच आकडा लावला. बोट सरळ आत गेलं. अडकायला काही नव्हतं. तिनं पुन्हा करून पाहिलं, मग माझं बोट घेऊन तिथं लावलं. मऊ मांस लागलं, दुसरं काही नाही.

"सर, ही दोरी इथं नाहीये. तुटून वर सरकलीय."

"पण डॉक्टरांना लागली होती. मलाही लागली होती."

"त्यांनी आतल्या बाजूनं चाचपलं का?"

मी हो म्हणालो. तिनं पुन्हा माझा डावा हात घेतला आणि बोटानं एकेक ठिकाण दाखवत गेली. बाहेरच्या अंगाला ही जाड दोरी. तिला लागून आत ही नाडी, रक्तदाब मोजताना हिचाच आवाज ऐकतात. बोट लावलं तर ठोका लागला. तिच्याही आत एक चेतातंतू, तो बोटाला लागत नाही. आणि मुख्य दोरीपासून एक पातळ पट्टी निघते, ती नाडीवरून तिरकी आतल्या बाजूला जाते. वर रक्त काढायची शीर, खाली नाडी, मध्ये ही पट्टी. सुई चुकून खोल गेली तर तेवढाच काय तो अडसर.

"मुख्य दोरी तुटली तरी कधी कधी ही पट्टी टिकते. आतून चाचपलं की ती लागते आणि वाटतं सगळं शाबूत आहे. म्हणून बोट बाहेरून घालायचं असतं."

मग तिनं विचारलं, "कसं झालं हे?"

मी ठरलेलं सांगितलं. कपाट, जिना, मामांचा हात सुटला, माझ्यावर भार आला.

"आवाज आधी आला की त्यांचा हात आधी सुटला?"

"म्हणजे?"

"दोघांनी धरलेलं असताना वरच्या माणसानं सोडलं तर कपाट तुमच्या अंगावर यायला हवं होतं. आलं का?"

कपाट अंगावर आलं नव्हतं. ते तिरकं अडकलं होतं आणि वरून धापा ऐकू येत होत्या. उलटं उतरताना माझा पाय पायरीच्या कडेवर पडला होता, मी दचकून कपाट आवरायला गेलो होतो, तेव्हा तो आवाज झाला होता आणि हात सुटला होता तो माझा. हे सगळं मला ठाऊकच होतं. फक्त कुणी या क्रमानं विचारलं नव्हतं.

एमआरआयमध्ये तेच आलं. दर शनिवारी पालघरला येणाऱ्या एका सर्जननी चित्रं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस काय करत होता?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला असता. मी म्हटलं, "फिरत होतो."

त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आला असतात तर दोरी खाली ओढून हाडाला बसवणं सोपं होतं. आता ती वर जाऊन आखडली आहे. शस्त्रक्रिया करता येईल, पण कदाचित दुसरीकडची दोरी घेऊन जोडावी लागेल. खळग्यात चेतातंतू जवळ जवळ आहेत. हाताच्या कडेला बधिरपणा राहू शकतो, क्वचित बोटं उचलायलाही त्रास होतो. नाही केली तर हात दुमडायची फारशी अडचण नाही, त्या कामाला खाली दुसरा स्नायू आहे. जाईल तो पिळायचा जोर. तळवा वर फिरवणं हे या स्नायूचं मोठं काम.

"पण हा कोपर दुमडायचा स्नायू ना?"

"तेही करतो."

"मी बावीस वर्षं तेवढंच शिकवलं."

"पुस्तकात तेवढंच असतं," ते म्हणाले. "तुमचं काम जोराचं आहे का? गवंडी, फिटर?"

"शिक्षक."

"मग विचार करा."

आम्ही आठवडाभर विचार केला. बायको म्हणत होती करा, मग म्हणत होती नको. शेवटी नको ठरलं. यातही शहाणपण किती आणि दमणं किती, हे मला सांगता येणार नाही. मी त्या हातासाठी दवाखान्यांच्या बाकांवर बसून कंटाळलो होतो.

पहिल्या डॉक्टरांकडं मात्र मी बायकोला घेऊन गेलो. काय बोलायचं ते रिक्षात घोकत गेलो. दीड तास बाहेर बसलो, तेवढ्यात ते आणखी धारदार झालं. आत जाऊन अहवाल टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या दोन्ही हातांत आळीपाळीनं बोटाचा आकडा घालून बघितला. बाहेर माणसं खोळंबली होती. त्यांनी तिसऱ्यांदा बघितलं.

"माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले. "ती आतली पट्टी लागली आणि मी थांबलो. मी दोन्ही हात बघायला हवे होते."

एवढं सगळं घोकलेलं, त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही. समोरचा माणूस चूक कबूल करतो तेव्हा रागाचं काय करायचं, हे मला येत नाही. मी "बरं" म्हणालो आणि उठलो. बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "राहिलं म्हणाले." ती रिक्षा थांबवायला पुढं गेली.

मामांशी बोलायला मात्र चार दिवस लागले. रोज समोर यायचे, रोज मी दुसरंच काहीतरी बोलायचो. शेवटी एका दुपारी ते परीक्षानळ्या धूत होते, तिथं जाऊन उभा राहिलो.

"मामा, त्या दिवशी हात माझा सुटला होता. तुमचा नाही."

त्यांनी नळी उलटी करून घोडीवर लावली. "म्हाईत हाय सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी दुखन्यात होतात. आनि कोनी विचारलाबी नाय."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो."

"आयकला ना मी."

त्यांनी ओला हात पुसला आणि मी पहिल्यांदा त्यांचा तळवा नीट बघितला. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत एक आडवा वण होता, नव्या कातडीचा, गुलाबी. कपाटाच्या पत्र्याची कड. ते वजन त्यांनी एकट्यानं, वरून, तळव्यात पत्रा रुतत असताना धरून ठेवलं होतं, दोन शिक्षक येईपर्यंत. मी मात्र तेव्हा खालच्या पायरीवर भिंतीला चिकटून त्यांना विचारत होतो, हात का सोडलात.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"पाला लावला. भरला."

मी मुख्याध्यापिकांकडं जाऊन खरं काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना आता, सहा आठवडे झाले." मी म्हटलं, नाही, नोंद दुरुस्त करा. त्यांनी केली. शिक्षकांच्या खोलीतही सांगितलं. दोघांनी ऐकलं, एकानं चहा मागवला. खोटं पसरवायला मला एक दिवस लागला होता. खरं सांगताना कुणाला त्यात रस नव्हता. मामांना मी नोंद दुरुस्त झाल्याचं कळवलं तेव्हा ते "बरा झाला" म्हणाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना जाळ्या बसवायच्या आहेत, त्याचं काय, असं विचारलं.

यंदा स्नायूंचा धडा शिकवताना मी सगळ्या वर्गाला एकमेकांच्या कोपरात आकडा घालायला लावला. फार गोंगाट झाला. शेजारच्या वर्गावरच्या बाई येऊन बघून गेल्या. बेटेगावहून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, परीक्षेत येणार का हे?" मी नाही म्हणालो. अर्ध्या वर्गानं हात खाली घेतले.

घरी व्यायाम चालू आहे. पालघरच्या त्या मुलीनं सांगितलंय, लाटणं एका टोकाला धरायचं, कोपर अंगाला चिकटवायचं आणि लाटणं सावकाश बाहेरच्या बाजूला आडवं करायचं, पुन्हा उभं. तीस वेळा. पहिल्या आठवड्यात सहाव्या वेळेला ते कलंडायचं. आता बाविसाव्यापर्यंत जातं, मग हात थरथरतो. व्यायामाची वेळ संध्याकाळची, आणि पोळ्यांची वेळही तीच. काल मी सतराव्याला होतो तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ.

"किती राहिले?"

"तेरा."

"दुसरं लाटणं आणा एखादं बाजारातून," ती म्हणाली. "महिनाभर सांगतेय."

मी मोजणी विसरलो आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.